अंगकोरला आईवडिलांना घेऊन जाताना: दिवस, ऊन आणि गुडघे यांचा हिशेब

खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातील सहा माणसांना कंबोडियातील अंगकोरची प्राचीन देवळे पाहायची आहेत. वडील सत्तरीला टेकलेले आहेत, आईचे गुडघे दुखतात, मुलगी चौदा वर्षांची आणि मुलगा दहा वर्षांचा आहे. एका प्रवासी कंपनीने व्हिएतनाम आणि कंबोडिया मिळून सात दिवसांची सहल सुचवली असून तिच्यात अंगकोरच्या वाट्याला एकच दिवस आला आहे. ती सहल घ्यावी की आपले आपण जावे, कोणत्या महिन्यात जावे, किती दिवस काढावेत आणि आईला हे सारे झेपेल का, असे विचारले आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आठ-दहा जणांच्या लहान तुकड्या घेऊन मी गेली बरीच वर्षे तिकडे जात आलो आहे, आणि माझ्या तुकड्यांत निम्मी माणसे साठीच्या पुढची असतात. म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. आईंना अंगकोर झेपेल. त्या एका दिवसात कोंबलेले अंगकोर मात्र झेपणार नाही, आणि खरे सांगायचे तर तुम्हालाही झेपणार नाही.

एका दिवसाच्या कार्यक्रमात काय होते ते पाहा. पहाटे साडेचारला उठवून तुम्हाला अंगकोर वाटच्या तळ्याकाठी अंधारात उभे करतात. सूर्य वर आला की देवळात घाईची एक फेरी, मग अंगकोर थोम हे तटबंदीचे जुने शहर आणि त्यातले बायोन देऊळ, भर बाराच्या उन्हात ता प्रोह्म, आणि संध्याकाळी सूर्यास्तासाठी बाखेंगची टेकडी. या फेरीचा रस्ता सुमारे १७ किलोमीटरांचा आहे, त्यामुळे कागदावर हा कार्यक्रम अगदी सोपा वाटतो. पण ते अंतर वाहनाचे झाले, पायांचे अंतर देवळांच्या आत आहे. एकट्या अंगकोर वाटभोवतीचा खंदकच सुमारे १९० मीटर रुंद आहे. तो ओलांडून पश्चिमेच्या गोपुरातून आत गेले की पुढे साडेतीनशे मीटरांचा उघडा दगडी मार्ग लागतो, ज्यावर सावलीचे नाव नाही. मग मुख्य देवळाची बाहेरची ओवरी, जिचा पूर्ण फेरा पाऊण किलोमीटरहून अधिक भरतो, आणि नंतर हे सगळे अंतर पुन्हा परत. गुडघेदुखीचे माणूस एवढ्यावरच बसते, आणि बायोनला पोचेपर्यंत घरच्या सगळ्यांचे लक्ष देवळाकडे न राहता आईकडे लागते.

त्यामुळे माझा आग्रह असा की अंगकोर वाट एका दमात पाहू नये. दोन वेगवेगळ्या दिवशी, एकदा सकाळी आणि एकदा दुपार उतरल्यावर, अर्धे अर्धे पाहावे. हा सल्ला केवळ गुडघ्यांसाठी नाही, भिंतींसाठीही आहे. सूर्यवर्मन दुसरा या ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलेले हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे, आणि त्याच्या बाहेरच्या ओवरीच्या आतल्या भिंतीवर चारी बाजूंनी उथळ उठावाची शिल्पे कोरलेली आहेत. कोरीव काम इतके उथळ आहे की प्रकाश समोरून किंवा डोक्यावरून पडला तर आकृत्या दगडात बुडून जातात; ऊन तिरपे शिरले तरच त्या उठून दिसतात. पश्चिमेच्या ओवरीत ते ऊन तीननंतर शिरते आणि पूर्वेच्या ओवरीत सकाळी. भर दुपारी भिंतीसमोर उभे राहून निराश झालेली माणसे मी बरीच पाहिली आहेत.

पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेच्या दाराने जावे. गोपुरातच उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडच्या भागात, आठ हातांची विष्णूची भव्य मूर्ती उभी आहे. तिथले लोक तिला ता रीच म्हणतात आणि आजही तिला उदबत्ती, फुले, रेशमी वस्त्रे वाहतात. आईंना नमस्कार करायचा असेल तर इथे मनसोक्त करता येईल. पुढे मुख्य ओवरीत दक्षिणेकडे वळले की कुरुक्षेत्राची भिंत आहे. डावीकडून कौरवांचे सैन्य, उजवीकडून पांडवांचे, आणि मध्यभागी नुसती झुंबड. काही वर्षांपूर्वी आमच्या तुकडीत नंदगडच्या एक आजी होत्या, ज्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण पोथ्या आयुष्यभर ऐकलेल्या. मार्गदर्शक तोंड उघडायच्या आत त्यांनी भिंतीच्या वरच्या अंगाला बोट केले आणि शेजारणीला म्हणाल्या, “भीष्माचार्य गं, बाणांवर निजलेत बघ.” तो ख्मेर मार्गदर्शक मराठी न समजताही हसला, कारण बोट बरोबर जागी होते. त्यानंतर अर्जुनाच्या रथावरचा चार हातांचा सारथी त्यांनीच शोधून दाखवला. याच ओवरीच्या उत्तरेच्या अंगाला लंकेचे युद्ध आहे. तिथे राम हनुमंताच्या खांद्यांवर उभा राहून बाण सोडतो आणि दहा तोंडांचा, वीस हातांचा रावण रथात उभा आहे. तुमच्या आईंना या दोन भिंतींसाठी इंग्रजी माहितीफलकाची गरज पडणार नाही. एकेका भिंतीसमोर अर्धा तास बसा. ओवरीच्या कठड्यावर टेकायला जागा मिळते.

दुसरी फेरी सकाळची, आणि तीही पूर्वेच्या दाराने. हे दार फार थोडे लोक वापरतात. वाहन दाराजवळ सोडते, तिथून झाडांच्या सावलीतली मातीची वाट थेट देवळाच्या मागच्या बाजूला पोचते, आणि पायऱ्या चढून ओवरीत आले की दक्षिणेच्या अंगाला समुद्रमंथनाची भिंत समोर येते. सुमारे ४९ मीटर लांबीचा हा एकच प्रसंग आहे. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, दोघांच्या हातांत वासुकी, आणि मध्ये कूर्माच्या पाठीवरच्या मंदार पर्वतापुढे विष्णू. वरच्या पट्टीत अप्सरा उडत आहेत. बहुतेक जण एवढे पाहून पुढे सरकतात. तुम्ही मुलांना खाली, समुद्राकडे पाहायला सांगा. कडेला मासे आणि मगरी शांत ओळीत पोहत आहेत. पण रवीच्या जवळ जसजसे यावे तसतसे पाणी ढवळलेले दिसते, आणि अगदी मध्याजवळ मासे मधोमध तुटलेले आहेत. दगडात घुसळण दाखवायची कशी, हा प्रश्न त्या कारागिराने असा सोडवला आहे. नंतर उजव्या टोकाला जाऊन शेपूट कोणी धरली आहे ते पाहावे: तिथे एक वानर आहे, आणि सगळे त्याला हनुमानच समजतात. समुद्रमंथनात हनुमान कुठून आला, असा प्रश्न तुमचा मुलगा विचारणारच. ख्मेर लोकांनी आपल्या कथा ऐकल्या आणि मग स्वतःच्या रीतीने सांगितल्या, एवढे उत्तर पुरेसे आहे.

दक्षिणेच्या ओवरीत यमाचा दरबार आहे. रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम, त्याचा चित्रगुप्त, वर स्वर्गाला निघालेली मिरवणूक आणि खाली नरकयातना, प्रत्येक नरकाचे नाव कोरलेले. असे ३२ नरक आहेत. मुलांना ही भिंत सर्वांत जास्त आवडते, मोठ्यांना जरा कमी.

सूर्योदयाबद्दल मला विशेष उत्साह नाही, हे कबूल करतो. तळ्याकाठी शेकडो माणसे उंचावलेले मोबाइल घेऊन उभी असतात आणि पुष्कळदा ढग असतात. तरी मुलांना हौस असेल तर तुम्ही दोघांनी मुलांसह पहाटे जावे, आईवडिलांनी सात वाजता निवांत निघून पूर्वेच्या दाराशी भेटावे. सूर्योदय संपला की गर्दी न्याहारीसाठी हॉटेलांकडे पांगते, आणि त्या तास-दीड तासात ओवऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात. ती वेळ चुकवू नका.

देवळाचा सर्वांत वरचा टप्पा, ज्याला बाकान म्हणतात, तिथे जाण्याचा जिना अतिशय उभा आहे. आईंनी तिकडे पाहूही नये. वर न गेल्याने त्यांचे फार काही बुडत नाही, कारण शिल्पांच्या भिंती सगळ्या खालच्या ओवरीत आहेत. बारा वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत, त्यामुळे तुमचा मुलगा आजीजवळ खाली थांबेल. वर जाणाऱ्यांचे खांदे आणि गुडघे झाकलेले असले पाहिजेत. खांद्यावर नुसती ओढणी टाकलेली चालत नाही. शिवाय महिन्यातून चार दिवस, बौद्धांच्या उपोसथाला, बाकान बंद असते. ते दिवस चंद्राच्या तिथींवर म्हणजे दोन अष्टम्या, पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास येतात, म्हणून घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहूनच साधारण अंदाज बांधता येतो. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेवढे तिथे विचारून घ्यावे.

आता दिवसांचा आणि तिकिटांचा हिशेब. अंगकोरचा प्रवेश-पास एका दिवसाचा ३७, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलरला मिळतो. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही. दहा दिवसांच्या आत कोणतेही तीन दिवस चालतात, आणि तुमच्या घरासाठी हीच सर्वांत मोठी सोय आहे. बारा वर्षांखालील मुलांना पास लागत नाही, मात्र वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा. म्हणजे पाच पासांचे ३१० डॉलर. पास अंगकोर एंटरप्राइझ या अधिकृत यंत्रणेकडूनच घ्यावा, त्यांच्या संकेतस्थळावर किंवा शहरातल्या तिकीटघरात. देवळांच्या दारात तिकिटे विकत नाहीत, आणि पासावर तुमचा फोटो असल्याने दुसऱ्याचा पास स्वस्तात घेण्याचा सौदा कोणी सुचवला तर त्याला हात जोडावेत.

देवळांजवळच्या सिएम रीप शहरात पाच रात्री राहण्याची तयारी ठेवावी. पहिल्या पासदिवशी सकाळी अंगकोर थोमचे दक्षिणद्वार आणि बायोन, मग हॉटेलवर जेवून झोप, आणि तीननंतर वर सांगितलेली अंगकोर वाटची पश्चिमेची बाजू. दुसऱ्या पासदिवशी भल्या सकाळी बांतेय स्रेई. मग एक दिवस पूर्ण मोकळा. तिसऱ्या पासदिवशी अंगकोर वाटची पूर्वेची बाजू आणि तिथून ता प्रोह्म. दुपारी अकरा ते तीन कोणत्याही दिवशी उन्हात उभे राहायचे नाही, हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही. मोकळ्या दिवशी अंगकोर राष्ट्रीय संग्रहालय पाहावे, ते वातानुकूलित आहे. पास लागत नाही म्हणून मोकळ्या दिवशी लोक तोन्ले साप सरोवरावरची तरंगती गावे पाहायला जातात. मला ती गरिबांच्या दारात होडी नेऊन डोकावण्याची सहल फारशी रुचलेली नाही.

बांतेय स्रेई हे तुमच्या आईंचे देऊळ आहे, असे मी आधीच सांगून ठेवतो. मुख्य समूहापासून ते सुमारे २५ किलोमीटरांवर आहे म्हणून एका दिवसाच्या सहलीतून तेच गळते, आणि तेच गळू नये. जमीन सपाट, देऊळ लहान, चढ जवळजवळ नाही. इ. स. ९६७ मध्ये यज्ञवराह नावाच्या राजगुरूने ते शिवासाठी उभारले. राजाने न बांधलेल्या मोजक्या देवळांपैकी ते आहे. तांबूस वालुकाश्म लाकडासारखा कोरला आहे, आणि इथले कोरीवकाम उथळ नसून खोल आहे. दक्षिणेच्या छोट्या इमारतीवर रावण कैलास हलवतो आहे, जो आपण वेरूळला पाहिलेला असतो. वेरूळचा रावण प्रचंड आहे, इथला दोन हात लांबीच्या त्रिकोणात मावतो आणि तरी घाबरलेले हत्ती, सिंह, ऋषी सगळे जागच्या जागी आहेत. उत्तरेच्या इमारतीवर खांडववनाचा प्रसंग आहे. वर ऐरावतावर इंद्र, त्याच्याखाली तिरप्या समांतर रेघांनी दाखवलेला पाऊस, आणि त्या पावसाला अडवणारे बाणांचे छत. खानापूरच्या माणसाला तिरपा पाऊस काय असतो ते सांगायला नको. सकाळी साडेसातला तिथे पोचले तर दहापर्यंत पाहून होते, नंतर बसगाड्या येऊ लागतात.

बायोन आणि ता प्रोह्म ही दोन्ही जयवर्मन सातवा याची कामे, बाराव्या शतकाच्या अखेरची. ता प्रोह्म त्याने ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ उभारले. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची आहे, म्हणजे आपल्याकडे ती बांधली जात असताना तिकडे हा राजा गादीवर होता, हे मुलांना सांगितले की सनावळीला अर्थ येतो. बायोनच्या मनोऱ्यांवरचे शांत चेहरे सगळ्यांना ठाऊक असतात. खालच्या बाहेरच्या भिंतीवर मात्र रोजचे जीवन कोरलेले आहे: बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज, मासेमारी. वरचे चेहरे पाहण्याच्या नादात ही भिंत राहून जाते. वर जायला पायऱ्या उंच आहेत, तेव्हा आईंनी खालची भिंतच पाहावी. ता प्रोह्ममध्ये झाडांची मुळे भिंतींवर चढलेली आहेत; तिथे आता लाकडी वाट केलेली असल्याने चालणे सोपे झाले आहे. तिथल्या डागडुजीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण अनेक वर्षे सहभागी आहे, आणि तसा फलकही दिसतो.

दगडाबद्दल एक गोष्ट, कारण ती आपल्या भागातल्या माणसालाच लवकर कळते. या देवळांचा पाया, आतला गाभा आणि आवाराच्या भिंती जांभ्याच्या आहेत. जमिनीत असताना मऊ, कापून हवेत ठेवला की कठीण, हा जांभ्याचा गुण आपल्याकडच्या चिरे काढणाऱ्यांना जसा माहीत आहे तसाच ख्मेर लोकांना माहीत होता. कोरीव कामासाठी लागणारा वालुकाश्म त्यांनी कुलेन डोंगरातून पाण्याच्या मार्गाने आणला. वालुकाश्माच्या ठोकळ्यांवर बोट जाईल एवढी गोल भोके जागोजाग दिसतात, ती दगड उचलताना खुंट्या बसवण्यासाठी पाडलेली आहेत. आणि सांध्यात चुना नाही: दगडावर दगड घासून बसवला आहे. वडिलांना बांधकामाची आवड असेल तर त्यांचा अर्धा दिवस यातच जाईल.

हंगामाच्या बाबतीत सीमाभागातल्या घरांची एक वेगळीच अडचण असते. मुले कर्नाटकातल्या शाळेत असल्याने मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, आणि कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांना ती दिवाळीला. त्यामुळे एकत्र जायचे ठरवले की कोणाची तरी शाळा बुडते. कंबोडियात पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो सर्वाधिक पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात थंड असते. निव्वळ हवेचा विचार केला तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा संक्रांतीनंतरचे दिवस उत्तम. पण शाळा बुडवायची नसेल तर दसऱ्याच्या सुट्टीत जायला मी बिचकणार नाही. पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणजे आपण झोपलेलो असतो तेव्हा. खंदक भरलेले, झाडी हिरवीगार आणि गर्दी कमी असते. ओल्या दगडावर शेवाळ असते तेवढे जपावे, आईंना रबरी टोकाची काठी द्यावी. एप्रिल-मे मात्र पूर्ण वर्ज्य. बेळगावच्या हवेत वाढलेल्या माणसाला तिथला एप्रिल सोसत नाही. एकदा मे महिन्यात तुकडी नेण्याचा हट्ट मी मान्य केला आणि तिसऱ्या दिवशी तीन माणसे हॉटेलात क्षारपाणी पीत पडली होती. तो दोष माझाच होता.

दसऱ्याच्या आधी गेलात तर आणखी एक योग जुळू शकतो. ख्मेर लोक भाद्रपदाच्या वद्य पक्षात पंधरा दिवस प्चुम बेन पाळतात आणि पितरांसाठी पहाटे भाताचे गोळे ठेवतात. महिन्याचे नावही भाद्रपदावरूनच आलेले आहे. आपला पितृपंधरवडा आणि त्यांचा हा काळ बहुधा बरोबरच येतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मात्र सगळे गावी जातात, दुकाने बंद असतात आणि वाहने महाग होतात.

प्रवासासाठी बेळगावहून रात्रीच्या गाडीने बंगळूर गाठून तिथून बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे सिएम रीपला उतरणे सोयीचे. मुंबईमार्गेही जाता येते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा आणि सामान थेट शेवटच्या मुक्कामाला जावे, यावर तडजोड करू नका. एकदा एका एजंटाने आमची दोन वेगळी तिकिटे काढली: उतरायचे बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर आणि पुढचे विमान सुवर्णभूमीवरून, मध्ये साडेतीन तास. दोन विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत हे त्या गृहस्थांना माहीत नव्हते. आम्ही धावत पोचलो, पण दोन पिशव्या पोचल्या नाहीत. सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला असून तो शहरापासून चाळीस किलोमीटरांहून दूर आहे. जुन्या माहितीवर विसंबून ‘विमानतळ शेजारीच आहे’ असे धरू नका, वाहन आधी ठरवा.

बँकॉकहून जमिनीच्या रस्त्याने सीमा ओलांडण्याचा जुना स्वस्त मार्ग सध्या विसरावा. थायलंड आणि कंबोडिया यांच्यात जुलै २०२५ मध्ये सीमेवर लढाई झाली, त्या वर्षाच्या अखेरीस ती पुन्हा पेटली. अकराव्या शतकातले प्रेअ विहेअर हे सुंदर देऊळ नेमके त्या सीमेवर, डोंगराच्या कड्यावर आहे. या वेळी ते यादीतून काढून टाका. तिकिटे काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचावी, आणि हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्यावीत. आडबाजूच्या देवळांभोवती जुने भूसुरुंग अजूनही निघतात. कोह केरसारख्या ठिकाणी गेलात तर मळलेली वाट सोडून झाडीत पाऊल टाकू नये, कोणत्याही कारणासाठी.

कागदपत्रांत आपल्याकडे नेहमीची चूक नावाची असते. शाळेचा दाखला कानडीत, शिधापत्रिका कानडीत, आधार इंग्रजीत, आणि एकाच मराठी आडनावाची तीन स्पेलिंगे. पासपोर्टवर जसे आहे तसेच अक्षरन्‌अक्षर तिकिटावर आणि व्हिसावर आले पाहिजे; आईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा तर नाही ना, हे आजच पाहा, कारण त्या दुरुस्तीला वेळ लागतो. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी असावी. पर्यटक व्हिसा सरकारी संकेतस्थळावर आधी काढता येतो किंवा उतरल्यावर ३० डॉलरला मिळतो. वृद्ध माणसे बरोबर असताना रांग टाळण्यासाठी आधी काढलेला बरा. त्याखेरीज आगमनाचा एक ऑनलाइन अर्ज पोचण्याच्या आधीच्या सात दिवसांत भरावा लागतो. तो मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते बनावट समजावे.

पैसे डॉलरमध्ये, लहान नोटांत न्यावेत. तिथे दैनंदिन व्यवहार डॉलर आणि रिएल दोन्हींत चालतात, एका डॉलरला साधारण चार हजार रिएल. डॉलरची नोट किंचित फाटलेली किंवा तिच्यावर पेनाची रेघ असली तरी घेत नाहीत. बेळगावात नोटा बदलून घेतानाच एकेक उजेडात धरून पाहा, मग देणारा कितीही चिडो. सहा माणसांना दोन तुकतुक लागतात. ज्येष्ठ बरोबर असताना त्याऐवजी एक वातानुकूलित व्हॅन दिवसभर ठेवावी, म्हणजे आईंना मधेच थकवा आला तर गाडीत बसता येते. परवानाधारक मार्गदर्शक पहिल्या दिवशी घ्या, बाकीचे दिवस तुमचे तुम्ही पाहा. प्रवासविम्यात गंभीर आजारात दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला असावा.

शाकाहारी माणसांचे हाल होतात हे अर्धेच खरे आहे. भाजीतही माशांचा रस आणि प्रहोक नावाचे आंबवलेल्या माशांचे वाटण असते, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘बुअस’ हा शब्द लक्षात ठेवा, व्रताचे जेवण असा त्याचा अर्थ आहे आणि तो सगळ्यांना कळतो. सिएम रीपमध्ये भारतीय खाणावळी आहेत, पण सकाळी लवकर निघताना त्या उघडलेल्या नसतात. आमच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मेतकूट असतेच. कडक भाकरी विमानातही मोडत नाही आणि पाच दिवस टिकते.

एक गोष्ट सांगताना मला थोडा संकोच वाटतो, पण सांगतो. आपली माणसे तिथे ‘हे तर आपलेच देऊळ’ असे मोठ्याने म्हणतात, नारळ फोडायची जागा विचारतात, एकदा तर एका गृहस्थांनी ओवरीत आरती सुरू केली. ही देवळे ख्मेर लोकांनी बांधली, आणि अंगकोर वाट गेली कित्येक शतके बौद्ध उपासनेचे जागते ठिकाण आहे. त्यांच्या राष्ट्रध्वजावर ते आहे. भिक्षू भेटले तर हात जोडावेत, बायकांनी त्यांना स्पर्श करू नये. जवळीक वाटायला शब्द पुरेसे आहेत: अंगकोर म्हणजे आपले ‘नगर’, आणि ‘वाट’ ज्या संस्कृत शब्दावरून आला त्याच घराण्यातला आपला ‘वाडा’.

निघण्याआधी घराजवळची तालीम करून घ्या, असे मी प्रत्येकाला सांगतो. एका सकाळी हलशीला जाऊन भूवराह आणि नृसिंहाचे कदंबकालीन देऊळ निवांत पाहा. ते तुमच्याच तालुक्यात आहे आणि तुम्ही ते बहुधा लग्नकार्याच्या घाईत पाहिलेले असेल. मग दोन दिवस काढून बदामी आणि पट्टदकल करा. बदामीचे तिसरे लेणे इ. स. ५७८ चे आहे आणि त्यात शेषावर बसलेला विष्णू, वराह, नृसिंह, त्रिविक्रम हे सगळे एका जागी भेटतात, म्हणजे अंगकोरला दिसणारी मंडळी आधीच ओळखीची होतात. त्या लेण्यापर्यंत आईंना त्यांच्या गतीने चढू द्या, मध्ये बसू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकलच्या आवारात चालायला लावा. दोन्ही दिवस मिळून गुडघे किती कुरकुरले ते त्यांनाच विचारा, आणि त्यानंतरच विमानाची तिकिटे काढा.